काटेरी सवत

मोदू वारला आणि जाताना बायकोच्या, हज्जा यागानाच्या, गळ्यात सवत मारून गेला. सवत म्हणजे बाई नव्हे, हेजहॉग. साळिंदराचं पिल्लू वाटावं असा, ओंजळीत मावणारा काट्यांचा गोळा. मोदूला ती बाजरीच्या गंजीखाली सापडली होती आणि त्या शहाण्याने तिचं नाव ठेवलं गुम्सू. नायजेरियातल्या बोर्नोच्या राजाच्या पट्टराणीला गुम्सू म्हणतात. घरात एकुलती एक बायको असताना पट्टराणीचा मान काटेरी उंदराला, हे यागाना विसरली नव्हती.

खरं दुखणं त्याहून मोठं होतं. रोज संध्याकाळी यागाना न्हाऊन, कपड्यांना धूप देऊन, नटूनथटून बसायची. नवरा उठायचा आणि अंगणात कडुनिंबाखाली गुम्सूला मांडीवर घेऊन बसायचा. अख्ख्या मैदुगुरी शहरात यागाना बनवून विकायची त्या धुपाला तोड नव्हती. गावभरचे नवरे त्या वासाने घराकडे ओढले जात, आणि तिचाच नवरा घराबाहेर. ह्या ध्यानात असं काय आहे जे माझ्यात नाही, एवढंच तिला त्याला विचारायचं होतं. विचारायचं राहून गेलं आणि तो मरून मोकळा झाला.

तो गेल्यापासून गुम्सूने अन्न सोडलं. आपल्या राहत्या मडक्यात तोंड खुपसून पडून राहायची.

"वहिनी, देऊन टाक तिला औषधवाल्याला," नणंद बिन्तू म्हणाली. "कातडं मूळव्याधीवर चालतं म्हणे."

"तुझ्या बुडासाठी मी घरातलं माणूस कापू?"

"माणूस?"

"सवत तर सवत. त्याच्या मांडीवर झोपायची ना? माझ्या मांडीवर झोपवून दाखवते. मलाही कळू दे काय जादू आहे ती."

यागाना इद्दतीत होती. विधवेने उंबरा ओलांडायचा नाही, दागिना घालायचा नाही, अंगाला धूप-अत्तर लावायचं नाही. धुपाचा धंदा सून केल्लू बाजारातल्या दुकानातून सांभाळत होती. रिकाम्या हातांना काहीतरी काम हवंच होतं. यागाना तळहातावर वाळवी घेऊन मडक्यापाशी बसू लागली.

गुम्सूने फुस्स केलं, उसळी मारली आणि काटे बोटात रुतवले. यागानाने तिला आणि मोदूला एकाच दमात शिव्या घातल्या. पण हार मानणं तिच्या रक्तात नव्हतं. हात हलवायचा नाही, आवाज चढवायचा नाही, हे ती हळूहळू शिकली. आपलं नेसूचं जुनं वस्त्र तिने मडक्यात अंथरलं. बसल्याबसल्या ती गुम्सूला मोदूच्या कागाळ्या सांगायची: कसा घोरायचा, सुकी मासळी कशी लपवून खायचा. ऐकणारी काटेरी असली तरी मध्ये बोलत नव्हती, हे बिन्तूपेक्षा बरंच होतं.

मग एके दिवशी ओलं नाक अंगठ्याला लागलं आणि वाळवी गेली. पुढे एका संध्याकाळी गुम्सू खुशाल मांडीवर चढली, तिथेच मुतली आणि काटे पाडून झोपून गेली. यागाना तशीच ओली बसून राहिली. नवरा गेल्यापासून प्रथमच कोणीतरी तिला जवळ केलं होतं, आणि तिला फार बरं वाटलं.

इद्दत संपली. बायका जमल्या. न्हाणं झालं, मेंदी झाली, नवं लुगडं आलं. यागानाला स्टुलावर बसवून खाली धूपदाणी ठेवली, वरून चादर टाकली आणि तिच्याच हातच्या सगळ्यात उंची धुपाचा धूर तिच्या अंगात मुरवला. ती बाहेर आली ती थेट अंगणात.

"बघ गं, कशी दिसते तुझी सवत," म्हणत तिने हात पुढे केला.

गुम्सूने एकदा हुंगलं आणि फुस्स करून गोळा झाली. बोटातून रक्त आलं.

बिन्तू हसून हसून वाकली. "अगं, ओळखसुद्धा दाखवेना!"

यागाना हसली नाही. "माझ्या अंगाला वास नव्हता तोवर ओळखत होती," ती म्हणाली. मग तिने आपलाच हात हुंगला. "आणि तो धूपदाणी पेटली की उठायचा. केल्लू, तुझ्या सासऱ्यांना धूर सोसत नव्हता?"

केल्लूने मान खाली घातली. "छाती भरायची अब्बांची. श्वास घेता यायचा नाही. मला शपथ घातली होती, हज्जा. म्हणायचे, तिचा जीव त्या धुपात आहे, कळलं तर उद्या सगळं बंद करून बसेल."

"घागरभर पाणी आण. आणि साधा साबण."

"पण पाहुण्या बसल्यात..."

"त्यांना जेवायला वाढ."

नव्या लुगड्यासकट यागाना मडक्याशेजारी मातीत बसली आणि खांद्यापर्यंत हात खसाखसा घासू लागली. साबणाच्या पाण्यात डोळ्यांचं पाणी मिसळलं, ते तिने पुसलंही नाही. हात कोरडे करून तिने तळवा जमिनीवर ठेवला. गोळा हलला नाही.

"तू निदान तोंडावर फुस्स केलंस," ती त्या गोळ्याला म्हणाली. "तो बाबा तीस वर्षं मूग गिळून बसला."