लिफ्ट येणार आहे

घर विकायचं असेल तर आधी घरातली माणसं बाहेर काढा. भिंतीची ओल रंगाखाली दडते, गळका नळ एका वॉशरने गप्प बसतो, पण मालकाच्या तोंडाला वॉशर मिळत नाही. गिऱ्हाईक आत आलं की मालक त्याला पाणी देतो आणि पाण्याबरोबर घराचा सगळा इतिहासही पाजतो. सत्तावीस वर्षं मी घरं विकतेय. ओलीमुळे जितके सौदे मोडले त्याच्या दुप्पट गप्पांमुळे मोडले.

मग फ्रिजवरच्या औषधांच्या चिठ्ठ्या काढा. पलंगाखालची अडगळ शेजाऱ्याच्या पलंगाखाली सरकवा. घर का विकताय असं विचारलं तर ‘मुलाजवळ राहायला चाललोय’ म्हणा. मूल नसेल तर पुतण्या चालतो. घेणाऱ्यांना मी याच्या बरोबर उलटं सांगते : मालक घरात असतानाच जा, पाणी मागा, सगळे नळ एकदम सोडून बघा, आणि एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली तर तिच्यावर हात ठेवा. दोघांकडून दलाली घ्यायची तर दोघांनाही थोडं थोडं शहाणं केलं पाहिजे ना. उगाच कुणी म्हणायला नको की बाईने एकाचीच बाजू घेतली.

हे सगळं शहाणपण मी ज्या घरासाठी पणाला लावलं, ते माझ्या ताईचं घर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ताई न्हाणीघरात घसरून पडली आणि खुबा मोडून घेतला. ऑपरेशननंतर चौघांनी तिला खुर्चीत बसवून वर नेलं, त्याला आठ महिने झाले होते. तेव्हापासून ती खाली उतरली नव्हती. घरात वॉकर घेऊन फिरायची, पण जिन्याच्या तोंडाशी आली की पाय लटपटायचे आणि ती मागे वळायची. गंमत म्हणजे भावोजी लिफ्टचे मेकॅनिक. पस्तीस वर्षं जगाला वर-खाली नेलं आणि स्वतःचं बिऱ्हाड थाटलं बिनलिफ्टच्या इमारतीत. घर घेतलं तेव्हा म्हणे त्यांना लिफ्टचा वीट आला होता.

गल्लीच्या टोकाला एका शिंप्याचं घर होतं. तळमजल्यावर दोन खोल्या, दाराला एकच पायरी, समोर झाड आणि झाडाखाली बाक. शिंपी लेकीकडे कायमचा जाणार होता. माझ्या शब्दाखातर महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार झाला, त्यापुढे एक दिवससुद्धा नाही. तिसरा मजला विकला गेला तरच ते घर घेता येणार होतं. नाहीतर ताईचं उरलेलं आयुष्य खिडकीत जाणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मी कामाला लागले. आधी भावोजींना आवरलं. त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवून ठेवला होता, लिफ्टची तपासणी करताना भरायचे तसा. डावीकडे वस्तू, मधे दोष, उजवीकडे दोष किती जुना.

“भावोजी, घर विकताय की घराविरुद्ध तक्रार नोंदवताय?”

“पुढच्या माणसाला माहीत नको?” ते म्हणाले. “उद्या अडकला म्हणजे?”

तक्ता फाडून मी पर्समध्ये कोंबला. मग राहिली ताई. वॉकर धरलेली बाई दिसली की गिऱ्हाइकाला लगेच जिना आठवतो. म्हणून दर रविवारी तिला समोरच्या शिकवणीवाल्या बाईंकडे नेऊन बसवायचं ठरलं.

“माझं घर, आणि मलाच लपवतेस, बबे?” ताई म्हणाली.

“थोडे दिवस तोंड मिटून बस, मग जन्मभर हिंड,” मी म्हटलं. मला ते फार चतुर उत्तर वाटलं होतं. ती वॉकर उचलत समोर गेली.

तिसऱ्या रविवारी खरं गिऱ्हाईक आलं. तरुण नवरा-बायको आणि सोबत बायकोची आई. घरातली म्हातारी माणसं पहिल्या खेपेला वर न्यायची नाहीत हा माझा नियम. जिना आधी त्यांच्या गुडघ्यांना कळतो.

“काकू, तुम्ही कशाला दमता? खाली गाडीत बसा, हे बघून येतील,” मी गोड आवाजात म्हटलं.

“राहणार मी, आणि बघणार हे?” काकूंनी मला बाजूला सारलं आणि चढायला लागल्या.

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती. समोरचं दार उघडं दिसलं, आत खुर्ची दिसली, काकूंनी सरळ जाऊन बसकण मारली. शेजारच्या खुर्चीत माझी ताई. मला हे कळलंच नाही. मी आत जावयाला स्वयंपाकघरातला उजेड दाखवत होते. उजेड खरंच चांगला होता, त्याबद्दल मी अवाक्षर खोटं बोलले नाही. सौदा जमल्यासारखा वाटत होता. लेक तर पडदे कुठल्या रंगाचे लावायचे इथवर येऊन पोचली होती.

बाहेर आले तर दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या.

“घेऊ नका हो,” ताई काकूंचा हात धरून सांगत होती. “आज चढलात, उद्याही चढाल. दोन वर्षांनी काय करणार? मी आठ महिने खाली गेले नाही. भाजीवाल्याशी ओरडून बोलते. त्यापेक्षा गल्लीच्या टोकाला शिंप्याचं घर आहे, ते बघा. एकच पायरी आहे.”

स्वतःच्या घराचा सौदा तर हिने मोडलाच होता, वर जे घ्यायचं तेही देऊन टाकलं होतं! काकू लेकीकडे बघून उठल्या आणि मंडळी खाली उतरली. पडद्यांचा विषय तिथेच संपला.

ते जाताच मी ताईवर तुटून पडले. “तुला खाली जायचंय की नाही, एकदाच सांग!”

“जायचंय. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला तोच विचार येतो.” ताई म्हणाली. “पण त्यांचे पाय थरथरत होते, बबे. माझ्यासमोर. मी काय बघत बसायचं होतं?”

भावोजींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांचाही मला भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू, लेक, जावई तिघंही माझ्या ऑफिसात हजर. “ते शिंप्याचं घर दाखवा,” काकू म्हणाल्या.

“गेलं ते,” मी म्हटलं.

“अहो, कालच तर तुमची बहीण म्हणाली.”

“तिला माहीत नव्हतं.”

‘ते बहिणीसाठी ठेवलंय’ एवढं एक वाक्य बोलले असते तर काय बिघडणार होतं? शब्द आधीचा होता, काकूंनी समजून घेतलं असतं. पण इतकी वर्षं खोटं जिभेवर आधी येतं, आणि खरं बोलायचं तर जरा थांबून शोधावं लागतं. शिवाय राग होताच. माझ्या बहिणीच्या घराचा सौदा मोडून वर तिचंच दुसरं घर मागायला आल्यात, असं मनात घोळत होतं. मी त्यांना पिवळ्या इमारतीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर दाखवलं.

“इथेही जिनाच की,” काकू म्हणाल्या.

“लिफ्ट येणार आहे. वर्षभरात.”

धंद्यात हे वाक्य आम्ही नमस्कारासारखं वापरतो. पण त्या इमारतीचं मला पक्कं ठाऊक होतं. भावोजी तिथे मोजमाप घेऊन आले होते आणि जेवताना मला म्हणाले होते, तिथे लिफ्ट बसवायची तर आधी इमारत पाडावी लागेल.

“नक्की ना?” काकूंनी माझ्या डोळ्यांत बघून विचारलं.

“माझे भावोजी त्याच कामातले आहेत, काकू,” मी म्हटलं. हे वाक्य खरं होतं, म्हणूनच लागू पडलं. त्यांनी घर घेतलं.

ताईचं घर महिना संपायला दोन दिवस असताना एका व्यायामशाळेच्या मास्तरने घेतलं. तो जिना दोनदा पळत चढला-उतरला आणि गच्चीची चावी कुणाकडे असते तेवढं विचारलं. घर का विकताय, हे त्याच्या गावीही नव्हतं. चार दिवसांनी भावोजींच्या जुन्या सोबत्यांनी ताईला खुर्चीत बसवून खाली आणलं. रस्त्यावर पाय टेकल्यावर ती काही पावलं चालली आणि रडायला लागली. मीही रडले. बघणाऱ्यांना वाटलं असेल कुणीतरी गेलं.

वॉकर सुटला, काठी आली. ताई आधी झाडापर्यंत जायची, मग दुकानापर्यंत, मग दोन गल्ल्या पलीकडे. बहिणीसाठी कसा किल्ला लढवला ते मी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत होते. असं वर्ष सरत आलं.

एका सकाळी आम्ही तिघं फिरायला निघालो. ताईला त्या दिवशी उत्साह आला होता, ती नेहमीच्या वळणावर वळलीच नाही. मी दोनदा म्हटलं, परत जाऊ या. पिवळ्या इमारतीखालून जाताना वरून हाक आली.

“अहो! ओळखलंत का?”

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत काकू होत्या. ताईने त्यांना लगेच ओळखलं आणि काठी उंचावली. “खाली या की! इथे छान ऊन आहे.”

“कसली येते? गुडघे गेले. दोन महिने झाले, खाली पाय ठेवला नाही. तुम्ही सांगितलेलं ते घर आधीच गेलं होतं हो! पण असू दे, लिफ्ट येणारच आहे. तेवढं कधी येतेय ते विचारा ना बहिणीला.”

शिंप्याचं घर त्या रविवारनंतर कुणी घेतलं, हे ताईला कुणी सांगायची गरज नव्हती. ती त्यातच राहत होती. ती भावोजींकडे वळली. “अहो, इथे लिफ्ट बसणार आहे?”

भावोजींनी इमारतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ताईने त्यांना पुन्हा विचारलं नाही.

“सांग त्यांना,” ती मला म्हणाली.

मी वर बघून म्हटलं, “काकू, लिफ्ट येणार नाहीये.”

“काय? ऐकू येत नाही!” काकूंनी कानामागे हात धरला.

मी ओरडायला तोंड उघडलं तर ताईने माझं मनगट पकडलं. “रस्त्यावरून ओरडून सांगतात का हे? वर चल.”

“मी जाते. तू इथे थांब. दोन मजले आहेत, ताई.”

“तू एकटी गेलीस तर वर पोचेपर्यंत दुसरंच काहीतरी सांगायचं ठरवशील,” ताई म्हणाली. तिने काठी भावोजींच्या हातात दिली, दोन्ही हातांनी इमारतीच्या जिन्याचा कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.