एकदाच दिसणारा चेहरा

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, तरी टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पुढे फिरत्या खुर्चीत 'द्रष्टे' बसले होते. पांढरा शर्ट, कोरलेली दाढी, आवाज मधात बुडवून काढलेला.

"आरशात दिसणं, स्वप्नात येणं, हे सगळं जुनं झालं," ते म्हणाले. "गेलेली माणसंही काळाबरोबर चालतात. आता ती लहरींवरून येतात. ज्याला बोलावणं, त्यालाच दर्शन. तेही एकदाच! पुन्हा बघायला जाल तर नुसतं दुकान दिसेल. खरं की नाही?"

"खरंय!" अख्खा हॉल म्हणाला.

एका ट्रक ड्रायव्हरला टायरच्या दुकानाची वेबसाइट उघडताना वारलेली बायको दिसली होती. मुलाच्या शिकवणीची चौकशी करणाऱ्या एका बाईला तिची मावशी. मग दादा उभा राहिला. मागच्या भिंतीला टेकलेल्या त्याच्या बहिणीने, चिंगीने, मान खाली घातली.

"आम्हाला आई दिसली," दादा शेजारी बसलेल्या बायकोकडे हात करत म्हणाला. "हिला आठवा महिना. वेळ घ्यायला प्रसूतिगृहाची वेबसाइट उघडली. त्याच इमारतीत आई गेली, माझ्या बहिणीच्या वेळी. मी सहा वर्षांचा होतो. चेहऱ्याखाली लिहिलं होतं, 'इथून रिकाम्या हाताने परत जाशील.' आणि त्याखाली तुमचा फोन नंबर."

द्रष्ट्यांनी डोळे मिटले. "संध्याकाळच्या बैठकीत हिच्यावरचं सावट उतरवतो. पण बाळ हातात येईपर्यंत डॉक्टरची पायरी चढायची नाही. आईची आज्ञा आहे."

जिना उतरताना वहिनीने कठडा घट्ट धरला. पाय इतके सुजले होते की चपला हातात घेतल्या होत्या. "वन्सं, कालपासून डोकं फुटतंय. डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"मग आत्ताच डॉक्टरबाईंकडे चल."

"नको हो. मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय ते."

"संध्याकाळपर्यंत कळ काढू," दादा म्हणाला. चिंगीने परोपरीने सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

चिंगीचं पोटच बंद पडलेल्या वेबसाइटी चालत्या करण्यावर भरायचं. भूतबीत मानणारी ती नव्हे. घरी येऊन तिने लॅपटॉपवर प्रसूतिगृहाचा पत्ता टाकला. पांढऱ्या भिंती, हसरी बाळं. दादाला कसले भास झाले, असं पुटपुटत तिने फोन घेतला, प्रसूतिगृहाचं नाव शोधलं आणि आलेल्या दुव्यावर बोट ठेवलं.

चेहरा. विस्कटलेले केस, काहीतरी सांगायला उघडलेले ओठ.

तिने आईला कधी पाहिलंच नव्हतं. घरात एकच फोटो होता, लग्नातला, तोही मान खाली घातलेला. ती पडद्याकडे बघत राहिली. मग पान मिटून पुन्हा उघडलं. हसरी बाळं. पुन्हा उघडलं, पुन्हा बाळंच. कितीतरी वेळ ही शहाणी बाई वेड्यासारखी तेच करत होती. आणि खरं सांगायचं तर भूत खोटं पाडायला नव्हे, आई पुन्हा दिसावी म्हणून.

शेवटी हाताला लागलेली सवय मदतीला आली. कधी दिसणाऱ्या, कधी न दिसणाऱ्या बिघाडाला तिच्या धंद्यात एकच औषध: दिसतं तेव्हा काय वेगळं असतं ते शोधा. लॅपटॉपवर दिसत नव्हतं, फोनवर दिसलं. पत्ता टाकून नाही, शोधून आल्यावर दिसलं. मग दुसऱ्यांदा का नाही? वेबसाइट आलेल्याच्या फोनवर एक बारीकशी खूण ठेवते, हा येऊन गेला म्हणून. चिंगीने ती खूण पुसली आणि पुन्हा शोधलं. चेहरा हजर!

मग तिने ड्रायव्हरने सांगितलेलं टायरचं दुकान शोधलं. तेच केस, तेच ओठ. खाली, 'प्रवासात घात आहे.'

आई टायरच्या दुकानात काय करत होती? चिंगीला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. रडूच जास्त.

"वेबसाइट करून देणारा गेला तो गेला," चिंगीने प्रसूतिगृह गाठलं तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या. "चालतेय ना, मग कशाला हात लावा, म्हणून तशीच ठेवली. ते राहू दे, तुझी वहिनी कुठाय? मागच्या वेळी रक्तदाब काठावर होता तिचा."

चिंगीने तिथेच लॅपटॉप उघडला. वेबसाइट ज्या प्रणालीवर उभी होती ती जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही वाचावी अशी उघडी. त्यामुळे मूळ प्रत शेजारी ठेवून ताडून बघता येत होतं. मूळ प्रतीत नसलेली एक फाइल इथे निघाली, साळसूद नावाची. आत मोजके प्रश्न. माणूस शोधून आला का? फोनवर आहे का? पहिल्यांदाच आलाय का? सगळ्याला हो, तर चेहरा दाखव. वेळ ठरवण्यासाठी जोडलेल्या भागात एक जगजाहीर भोक होतं. त्याची दुरुस्ती फुकट मिळत होती, पण लावायला कुणी नव्हतं. चोर तिथूनच शिरला.

पुसण्याच्या बटणावर चिंगीचं बोट थांबलं. सगळं ठाऊक असूनही थांबलं. मग तिने ते दाबलं, भोक बुजवलं, परवलीचे शब्द बदलले.

"डॉक्टरबाई, एक खाट तयार ठेवा," ती म्हणाली.

संध्याकाळी वहिनी पहिल्या रांगेत कपाळ दाबून बसली होती. द्रष्ट्यांनी तिच्या डोक्यावर हात धरला, तोच चिंगी उभी राहिली.

"मलाही गेलेली माणसं बोलावता येतात. दुसऱ्यांदा. आणि सगळ्यांसाठी." हॉल चपापला. "फोनवर खासगी खिडकी उघडा. जुन्या खुणा तिथे चालत नाहीत. आता त्या टायरच्या दुकानाचं नाव शोधा आणि आत जा."

एकेक पडदा उजळला.

"माझी मावशी!"

"अहो, ही तर माझी बायको!"

"आमची आई..." दादा म्हणाला आणि शेजारच्याच्या फोनकडे बघतच राहिला.

हॉलभर तोच चेहरा उघड्या ओठांनी बघत होता. सगळं माहीत असलेल्या चिंगीनेही नजर खाली वळवली.

"बघा! माझ्या सान्निध्यात आत्म्याने सर्वांना..." द्रष्टे सावरायला लागले.

"खिडकी मिटून पुन्हा उघडा," चिंगी म्हणाली. "हवा तितक्या वेळा येईल. सांगितल्यावर येतं ते भूत कसलं, तो नोकर झाला! कुलूप नसलेल्या वेबसाइटींत कुणीतरी एकच चित्र घुसवलंय. आणि गेलेल्या माणसांना यांचाच नंबर तेवढा पाठ कसा? माझ्या सख्ख्या भावाला माझा पाठ नाही."

मागे कुणीतरी हसलं. काहीजण मात्र अजूनही हात जोडून होते. ड्रायव्हरने फोन छातीशी धरला होता.

"मग माझी बायको?" त्याने विचारलं.

"ती यात नव्हती, काका." चिंगी म्हणाली.

"वन्सं," वहिनी उठायला लागली आणि तिचा तोल गेला. "मला नीट दिसत नाहीये. दवाखान्यात न्या."

रक्तदाब भलताच चढला होता. "आजची रात्र घरी काढली असती तर दोघांपैकी कुणाचीच खात्री दिली नसती," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता औषध लागू पडतंय. बसा बाहेर."

दादा बाकावर बसला. म्हणाला, "चिंगे, पण हुबेहूब आईसारखी होती गं."

"असेल. तिला बघायची तुला आस होती. मलाही होती. चेहरा त्यांनी कुणाचातरी लावला, त्यात आई आपण बघितली. पण दादा, एवढा तरी विचार कर. बाळंतपणात गेलेली बाई आपल्या सुनेला डॉक्टरपासून लांब राहा म्हणेल? ती हाताला धरून इथे आणून बसवेल. यापुढे काहीही दिसू दे, आधी विचारायचं: हे मला कोण दाखवतंय, आणि कुठे जाण्यापासून अडवतंय?"

दादाने डोळे पुसले. आत यंत्रावर बाळाचे ठोके लावले होते, ते दारातून ऐकू येत होते. तो उठला आणि दाराशी जाऊन ऐकत उभा राहिला.