मशीन आहे ना

...आणि नख मोडलंच. मशीनच्या मागच्या झाकणाला खालच्या अंगाला एक खाच आहे, बोटाच्या पेराएवढी, तिथे दाबलं की झाकण आपसूक सुटतं असं सोबतच्या पुस्तिकेतल्या चित्रात दाखवलंय. चित्रातल्या बाईचं बोटही असं नाजूक, की दाबतेय की गुदगुल्या करतेय कळू नये — आणि इथे कल्पिताचा अंगठा लालबुंद झाला, नख अर्ध्यात तुटलं, तरी झाकण ढिम्म. खारं धरलंय, खाऱ्या हवेने गंजलंय, दुसरं काय. या घरात सगळंच खारं धरतं, कड्या, बिजागऱ्या, गॅसचं बटण, देवघरातली घंटासुद्धा. तिने उठून चमचा आणला, त्याचा दांडा खाचेत खुपसला आणि, सुट ना मेल्या, म्हणत जोर लावला.

"झाला काय गो, बाय?" आतून सासऱ्यांचा आवाज आला.

"होतंय, बाबा. झाकण उघडत नाहीये."

"लवकर कर. मशीन नसला की मना कसासाच होतं."

कसंसंच होतं... सकाळपासून हेच चाललंय. हवा साफ करायचं ते मशीन, दळणाच्या डब्याएवढं, पांढरं, बाबांच्या उशाशी ठेवलेलं, सकाळी आधी कण्हल्यासारखं करायला लागलं, मग त्याचा निळा दिवा लाल झाला आणि ते बंदच पडलं. बाबा तेव्हा चहात बटर बुडवून खात होते. मशीन बंद पडलं हे त्यांना आधी कळलंसुद्धा नाही, बटर संपलं, कप खाली ठेवला, मान वळवली, लाल दिवा दिसला — आणि मग त्यांचे खांदे वरखाली व्हायला लागले. हे तिने बघितलं होतं. बघून न बघितल्यासारखं केलं होतं, कारण त्यावर विचार करायचा म्हणजे परत एक काम.

म्हणून मशीन उचलून मागच्या पडवीत आणलं. नवरा, परेश, गाडी घेऊन बंदरावर गेलेला, कंटेनर कधी मिळेल आणि तो कधी सुटेल याचा नेम नाही. दुरुस्तीवाला पनवेलहून येणार, तोही 'बघतो, मॅडम, तिकडे कोणी येणार असेल तर' असं म्हणाला, म्हणजे येत नाही. आणि सोमवारी तर तिला जायचंय. सोमवारी काहीही झालं तरी जायचंय.

मांडव्याच्या जेट्टीवर बोटीच्या तिकिटांची खिडकी आहे, तिथे कामाला. दिवाळीच्या आधी बाबांना दम्याचा तो मोठा झटका आला, अलिबागच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावून ठेवलं, तेव्हा तिने रजा टाकली आणि मग ती रजा वाढत वाढत गेली, कारण घरी दुसरं होतं कोण? मालक भला माणूस, त्याने जागा राखली, पण परवा त्याचाही फोन आला, सोमवारपासून या, नाहीतर मला कोणीतरी बघायला लागेल. आणि आश्चर्य म्हणजे कोणी नाही म्हणालं नाही! परेश म्हणाला, जा की, आता मशीन आहे ना. खारघरहून दिशाताई म्हणाली — नणंद, तिनेच ते मशीन पाठवलेलं — जा गं वहिनी, मशीन आहे ना. शेजारच्या कोकिळाकाकी म्हणाल्या, मी येऊन बघून जाईन, तसं आता मशीन हाय. सगळ्यांचं एकच. आणि खरंच, मशीन आल्यापासून बाबा सुधारले होते. रात्रीचं उठून बसणं थांबलं, जेवण वाढलं, ओटीपर्यंत चालत यायला लागले. दिशाताई व्हिडिओ कॉल करते तेव्हा बापाच्या आधी मशीनला बघते, निळा दिवा आहे ना, मग झालं.

कट्ट करून झाकण सुटलं.

आत पहिली काळी जाळी. पुस्तिकेत लिहिलंय, जाळीवर धुळीचा थर असेल, ब्रशने झाडा, पाण्याने धुवा, सावलीत सुकवा. तिने जुना दात घासायचा ब्रश तयार ठेवला होता, नाकाला ओढणी बांधली होती, आणि जाळी निघाली ती जवळजवळ लखलखीत. कडेला थोडी भुरभुर, एक लांब केस — माझाच असणार, माझे केस हल्ली सगळीकडे — बाकी काही नाही. क्षणभर तिला बरंच वाटलं, की बघा, किती स्वच्छ ठेवते मी. मग वाटलं, पण असं कसं? समोरच्या रस्त्यावरून दिवसभर मातीचे डंपर जातात, खिडकीच्या गजावर सकाळी पुसलं की दुपारी बोट उमटतं. इतके महिने हे मशीन हवा ओढत होतं तर ती धूळ गेली कुठे?

तिने आतला मोठा फिल्टर ओढून काढला. आणि तो हातात चुरचुरला.

प्लॅस्टिक. फिल्टर पिशवीत होता. पांढरास्वच्छ, कंपनीतून निघाला तसा, त्याच्या घड्या अगदी नव्या वहीच्या पानांसारख्या, आणि वरून जाड पिशवी, तोंड दुमडून त्यावर रबर लावलेला. दुधाच्या पिशवीला लावतो तसला हिरवा रबर.

रबर कंपनीचा नसतो... ती तशीच खाली बसली, पडवीच्या गार लादीवर, फिल्टर मांडीवर घेऊन. चुकून राहिलं असं नाही हे. कोणीतरी पिशवी काढली, बघितलं, आणि परत घातली. रबर लावून. नीट. कोणी ते, हे विचारायलाच नको होतं — या घरात कशाचं प्लॅस्टिक निघतं? टीव्हीचा रिमोट पिशवीत, सोफ्याचं कव्हर लग्नातलं अजून तसंच, परेशच्या नव्या गाडीच्या सीटवरचा कागद घामाने आपोआप फाटेपर्यंत बसणाऱ्याच्या अंगाला चिकटतो. बाबांची शिकवण. सारा जन्म मिठागरात गेला, तिथे पत्र्याची पाटी दोन पावसाळे टिकत नाही, तर ज्याला त्याला पिशवी. त्यांचा तो ट्रान्झिस्टर! लग्न होऊन आली तेव्हा तिला किती हसू आलं होतं, सासरे बांधावर बसून पिशवीत गुंडाळलेला रेडिओ कानाला लावून बातम्या ऐकतात. तिने विचारलं होतं, बाबा, पिशवी काढा ना. तर म्हणाले, कशाला? आवाज येतंय का न्हाय भायेर? मंग!

मंग... आवाज येतो तर हवा का येणार नाही. तिला तो दिवससुद्धा आठवला, पार्सल आलं तो, ती आत बोंबील साफ करत होती आणि बाहेरून बापलेकांचं बोलणं कानावर पडत होतं, फाडू नको रं, खारं धरील, परत घाल तशीच. तेव्हा तिला वाटलं, खोक्याबद्दल बोलतायत. ते याच्याबद्दल होतं.

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण पाठोपाठ दुसरी गोष्ट आली. म्हणजे हे मशीन चाललंच नाही. एक दिवस नाही. आत पंखा गरगरत होता, बाहेर निळा दिवा जळत होता, आणि हवा होती तशी होती. मग बाबा बरे कशाने झाले?

ती भराभर शोधायला लागली. कोणीतरी सापडायलाच हवं होतं. खिडक्या! मशीन लावायचं तर खिडक्या बंद ठेवा असं दिशाताईने सांगितलं होतं, त्याने धूळ कमी झाली असेल. उदबत्ती बंद केली, मच्छरची कॉइल बंद केली. औषध ओढायचा तो पंप डॉक्टरांनी बदलून दिला. ऋतू बदलला. आहेत की कितीतरी कारणं... आणि तरीही, या सगळ्यांच्या मागे, खोलीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेली कोण ती — मीच. मशीन एकटं सोडायचं नाही, दिवा बघत राहायचं, म्हणून मी तिथे बसायला लागले. तिथेच भाजी निवडायची, तिथेच कपडे घड्या घालायचे. त्यांचा श्वास जरा चढला की मी उठायचे, त्यांना पुढे वाकवून बसवायचे, आणि दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलं तसं — नाकाने घ्या, ओठ चिमटा, गरम चहावर फुंकर घालतो तसा हळू सोडा. ते एकटे करायचे नाहीत, लाजायचे, म्हणून त्यांच्यासमोर बसून मीही करायचे. इतकं केलं, की आता कुकरची शिट्टी व्हायची वाट बघत उभी असते तेव्हाही मी फुंकत असते.

नको. नको, नको. हे माझं नसू दे. लग्न झाल्यापासून केलेल्या एका गोष्टीचंसुद्धा कोणी नाव काढलं नाही, त्यावर मनातल्या मनात किती चरफडले, आणि आज पहिल्यांदा काहीतरी माझ्यामुळे झालंय असं दिसतंय तर मला ते नकोय! कारण ते माझ्यामुळे असेल तर मी उठू शकत नाही. सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. त्या खिडकीत बसलं की समोर बोट लागते, वारा येतो, माणसं घाईत असतात, कोणाला माझ्याकडून तिकिटापलीकडे काही नको असतं... किती सुख असतं ते, कोणाला आपण तिकिटापलीकडे नको असणं. सांगायचं तरी कोणाला हे? परेशला सांगितलं तर तो आधी बापावर हसेल, आणि मग गप्प होईल, आणि त्या गप्प होण्यात सगळं ठरून जाईल.

फोन वाजला. त्याचाच.

"काय, झाला काय चालू?"

"होईल."

"काय व्हता?"

कल्पिताने मांडीवरच्या फिल्टरकडे बघितलं. "कचरा अडकला होता," ती म्हणाली.

"बग, मी सांगितला ना, काय नसंल म्हनून."

त्याने फोन ठेवला. तिने रबर काढला, पिशवी काढली. कडेच्या बारीक भोकात, जिथून हवा किती खराब ते मशीनला कळतं म्हणे, कापसाची काडी फिरवली, फिल्टर जागेवर बसवला, जाळी लावली, झाकण लावलं, लाल दिव्याचं बटण तो निळा होईपर्यंत दाबून धरलं. हे सगळं करताना तिला कशाचंच काही वाटलं नाही, भांडी घासावीत तसं केलं. मग मशीन उचलून आत नेलं आणि बाबांच्या उशाशी ठेवून चालू केलं.

आवाज निराळाच आला. आधीची ती कोंडलेली घरघर नाही, मोकळा, वाहता आवाज, आणि वरच्या जाळीतून हवेचा झोत आला तो बाबांच्या कपाळावरचे पांढरे केस हलवून गेला. बाबा दचकले. डोळे मोठे करून मशीनकडे बघत राहिले, आणि तिला वाटलं, आता हे म्हणणार, काय केलंस, मना दम लागतं. ती सवयीने खुर्चीकडे वळलीसुद्धा.

"वारं सुटला गो," बाबा म्हणाले. "भरतीचा सुटतं ना... तसा."

"साफ केलं ना, म्हणून."

"बरा केलंस." त्यांनी पाय लांब केले, चादर ओढून घेतली. मग डोळे मिटून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारी जातंस ना कामाला? जा. माजी कालजी नको करू. मशीन हाय."

ती खुर्चीजवळ तशीच उभी राहिली. बघता बघता त्यांचा श्वास लांब झाला, छाती सावकाश वर, सावकाश खाली, ओठ न चिमटता, कोणी समोर न बसता. मग ती बाहेर आली. इतक्या महिन्यांत दिवसाउजेडी ते झोपलेले असताना ती पहिल्यांदाच खोलीबाहेर आली होती, आणि दार तिने मुद्दाम ओढून घेतलं. बघू तर.

स्वयंपाकघरात बसून तिने ऐकलं. मशीनचा आवाज. रस्त्यावरून एक डंपर गेला, ताटं थरथरली. परत मशीनचा आवाज, आणि बाकी काही नाही. म्हणजे चालतंय. आता खरंच चालतंय, आता ते असेल आणि मी नसेन तरी... हे तर हवं होतं मला. हेच. घटकाभरापूर्वी पडवीत बसून हात जोडले नाहीत एवढंच, की माझं नसू दे. बरं वाटायला पाहिजे. मोकळं वाटायला पाहिजे. सोमवारी कुठली साडी नेसायची, डबा काय न्यायचा, असं काहीतरी सुचायला पाहिजे — आणि आलं ते निराळंच, राग म्हणावा तर राग नाही, आणि रडू म्हणावं तर डोळे कोरडे. एवढं पटकन? इतक्या रात्री, ते पुढे वाकवून बसवणं, ते तोंडासमोर तोंड धरून फुंकणं, आणि एक पिशवी काढली तर झालं? मशीन हाय, म्हणाले. डोळे मिटून म्हणाले.

दूध तापत होतं, ते तिने बंद केलं, म्हणजे ऐकू येईल. पलीकडे काही नव्हतं. बराच वेळ काही नव्हतं. जरा खोका ना, बाबा, ती मनात म्हणाली. एकदाच. थोडंसं. आणि स्वतःचे शब्द कळले तशी ती एवढी घाबरली, की उठून दाराशी जाऊन त्यांचं नीट आहे ना बघावं असं तिला वाटलं. पण ती उठली नाही. ओट्याला टेकून, श्वास धरून बसून राहिली, आणि आपण कशाची वाट बघतोय हे तिला आता नीट ठाऊक होतं.