कोर्ट उठेपर्यंत

ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत गेलेला हात.

पाथरीच्या कोर्टातलं लाकडी बाकडं.

जानेवारीवरच थांबलेलं कॅलेंडर.

हरभऱ्यात रानडुकरांचे खूर.

सुमनबाईने कणगीतून हात काढला, पदराला पुसला. काडतुसं जागेवर होती. ओसरीवर माणिकराव जमादार तिच्या नवऱ्याच्या बंदुकीची चौकशी करत होते. शेतराखणीचा परवाना संपत आलेला. जमादारांचा शेरा चांगला पडला की पुन्हा नवा.

“मारामारीत शिक्षाबिक्षा झाली का कधी, आश्रुबा? किरकोळ असली तरी सांग. पाच वर्षांतली असंल तर बंदूक जमा.”

“आपल्या ठाण्यात बघा की साहेब. कोरा कागद हाय मी.”

“बघितलं. काई न्हाई.” जमादारांनी लिहिलं आणि आत पाहिलं. “वहिनी, तुमाला भीतीबिती वाटती का बंदुकीची?”

“तिला काय इचारता? उंदराला भेतीय ती. ये, च्या आण!”

सुमनबाईने चहा आणला. ताटलीत, कपाशेजारी, रेशनकार्डाच्या पिशवीतला घडी घातलेला कागद होता.

“दोन वर्षांखाली पाथरीकडं वन्संच्या गावाला यांनी तिथल्या बजरंगला काठी मारली हुती. त्याचा कोर्टाचा कागद हाय. लागंल म्हणलं.”

आश्रुबा मोठ्यानं हसला. “ती कुठं शिक्षा हुती व्हय? वकील म्हणला, कबूल करून टाक. कोर्ट उठेस्तोवर बाकड्यावर बसलो, सांजच्याला यष्टीनं घरी!”

जमादारांनी कागद दोनदा वाचला. “कोर्ट उठेपर्यंत कैद. शिक्षाच हाय ही, बाबा.”

लिहिलेलं त्यांनी खोडलं. आश्रुबाचं हसू थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं.

“आन् डुकरं?” तो बायकोकडे वळला. “तू राखणार का हरभरा?”

“राखीन की. डबडं वाजवून.”

जमादारांनी खुंटीवरची बंदूक उतरवली. “काडतुसं?”

आश्रुबाने ट्रंक उघडली. कपडे उपसले. पुन्हा उपसले. सुमनबाई कणगीकडे गेली आणि एकेक काडतूस आणून ओसरीवर उभं करत गेली. त्यांना ज्वारीची धूळ चिकटली होती. जमादारांनी मोजली.

“परवान्यावर सहा हायेत. ही पाच.”

“एक डुकरावर उडवलं,” आश्रुबा म्हणाला. तो बायकोकडेच बघत होता. दारामागची काठी कुणीच मागितली नव्हती.

जमादार सही घेऊन गेले.

सहावं काडतूस गेल्या संक्रांतीला घरातच उडालं होतं. भिंतीतलं भोक सुमनबाईच्या कपाळाच्या उंचीवर, कॅलेंडरच्या जानेवारीच्या पानामागे आहे.