सात नंबरचा खिळा

साहेब, तुम्ही कुलूप बघितलंच नाही. आधी आडनाव विचारलंत.

दुपारचे तीन वाजले होते. कात्रपच्या आमच्या बैठ्या चाळीत, सात नंबरच्या दारात तुम्ही पोलिसी छडी घेऊन उभे होतात. आत गुरुदत्त सामंतची बायको उघड्या कपाटासमोर बसून रडत होती. लग्नातल्या पाटल्या गेल्या होत्या, चपलाहार गेला होता. दाराचा कोयंडा चौकटीच्या ढलप्यासकट उपटून फेकलेला होता. त्यात कुलूप तसंच अडकलेलं होतं. लागलेलं.

"चावी कोणाकडे असते?" तुम्ही विचारलंत.

"एक माझ्याकडे. दुसरी चांगुणाबाईंकडे," सामंत म्हणाला. "एक नंबरात राहतात. सगळ्यांच्याच चाव्या असतात त्यांच्याकडे."

"सगळ्यांच्या?" तुम्ही हसलात. "मग चोराला बाहेरून यायची गरजच काय?"

तेवढ्यात चांगुणाबाईच आली. पन्नाशीची, काटकुळी, विधवा. हातात रॉकेलचा डबा आणि चार घरांची रेशनकार्डं. त्यात एक सामंतांचं. घर फुटलं त्या वेळी ती त्यांच्याच रॉकेलसाठी रांगेत होती. हेही तुम्ही विचारलं नाहीत.

"चाव्या तुझ्याकडे?"

"हाय की. अकरा घरांच्या."

"कशाला?"

"पानी साडेअकराला येतं साहेब. गडी-बाया समदी अंबरनाथला कारखान्यात. मग पिंपं कोन भरनार? तुमी?"

चाळ हसली. ते हसणं तिला महागात पडलं.

"आडनाव काय?"

"रोकडे."

"बरोबर," तुम्ही म्हणालात.

तुमचं ते "बरोबर" मी ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. माझ्या आईने गावात रोकड्यांच्या बायकांच्या घागरीत विहिरीवरून लांबूनच पाणी ओतलं, दोराला त्यांचा हात लागू दिला नाही. इथे चांगुणाबाई आमचं दार उघडायची, माठ विसळायची, रबरी नळी लावून माठ आणि पिंप भरायची, दार लावून पुढच्या घरी जायची. सात वर्षं. हे कोणा पुढाऱ्याच्या भाषणाने झालं नव्हतं. पाण्याच्या वेळेने झालं होतं. तिच्या भिंतीवर एक फळी होती आणि फळीवर अकरा खिळे. प्रत्येक खिळ्याखाली खडूने घराचा नंबर. आकडे तिला माझ्या मुलीने शिकवले होते. दुपारी चाळीत कोण आलं, कोण गेलं, हे त्या एका बाईच्या फेऱ्यांमुळे कळायचं. आमची राखण तीच होती.

"ओ साहेब, कुलूप बगा की," ती म्हणाली. "लागल्यालं हाय. चावी माज्यापाशी असताना म्या कोयंडा कशाला उपटू?"

"मला शिकवतेस? संशय येऊ नये म्हणूनच उपटलास."

"अवो, ह्या हातांनी?"

तिने हात पुढे केले. ती घरी बसून उल्हासनगरच्या शेठच्या शिवलेल्या पँटींचे सुटे धागे कापायची. कात्रीने तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. तुम्ही हात बघितले नाहीत. तुमच्या शिपायांनी तिचं घर उपसलं, डबे पालथे केले, तांदूळ जमिनीवर. काही सापडलं नाही. तरी तिला जीपमध्ये घातलंत. कुलूप लागलेल्या कोयंड्याला चिठ्ठी बांधून मुद्देमाल म्हणून बरोबर नेलंत. आणि जाता जाता आम्हाला उपदेश केलात, "घर सांभाळायचं असेल तर आपली चावी आपल्या खिशात ठेवा. शेजारणीच्या भिंतीवर नाही."

आम्ही ऐकलं. आमच्यासारखे ऐकणारे तुम्हाला कुठे मिळतील?

ती चौकीत असतानाच पहिली बनूबाई तिच्या फळीवरून आपली चावी काढून घेऊन गेली. "मी काय डाउट घेत नाय हां तिच्यावर," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पन साहेब बोलले ना." मग दुसरी. मग तिसऱ्या घरातला म्हातारा. चौथ्या खिळ्यावरची माझी चावी मी काढली. खोलीत कोणी नव्हतं, तरी मी मागे वळून पाहिलं. पायाखाली तिचे तांदूळ कचकचले. ते तुडवू नयेत म्हणून मी टाचा उचलून बाहेर आलो. चौकीवर मात्र गेलो नाही. आमच्यातलं कोणीच गेलं नाही.

दिवेलागणीला तुम्ही तिला सोडलंत. तुमच्या शिपाईबाईने काय केलं ते तिने सांगितलं नाही. तळहात सुजून पुरीसारखे झाले होते. ती फळीसमोर उभी राहिली. दहा खिळे मोकळे होते. सात नंबरची चावी तेवढी तिथेच होती, कारण तिचं कुलूप तुमच्याकडे होतं.

मी दारात उभा होतो.

"नाथाभाऊ," ती म्हणाली, "तुमीबी?"

मग खाली बसून ती मनगटांनी तांदूळ गोळा करू लागली. बोटं मिटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला पाणी आलं. तासभर वाहिलं आणि गेलं. एकाही घरात थेंब नव्हता. संध्याकाळी आमच्या बायका हंडे घेऊन लांबच्या हातपंपावर गेल्या. चांगुणाबाईने सात वर्षांत पहिल्यांदाच स्वतःचं दार बंद ठेवलं. ती आतच असायची, तरी आतून कडी. कात्री धरता येईना, म्हणून शेठचा माणूस पँटींचं गाठोडं परत घेऊन गेला. बनूबाई एकदा भाजी घेऊन गेली. दार उघडलं नाही. "माज किती!" बनूबाई म्हणाली, पण डोळे पुसत म्हणाली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, बुधवारी, भरदुपारी माझं घर फुटलं. मी कामावरून आलो तर कोयंडा चौकटीच्या ढलप्यासकट उपटलेला. त्यात कुलूप अडकलेलं. लागलेलं. चावी माझ्या खिशात होती, साहेब. तुम्ही सांगितलंत तशीच.

मी चौकीकडे निघालो तेव्हा एक नंबरचं दार उघडलं. तीन आठवड्यांत ती वाळून गेली होती. तिने माझ्या दाराकडे पाहिलं, कोयंड्याकडे पाहिलं. आत गेली. धुतलेलं लुगडं नेसून आली. मुठीत काहीतरी होतं.

"चला," ती म्हणाली.

"चांगुणाबाई, तुम्ही कशाला..."

"तुमच्या चोरीचं तुमी बोला. म्या माजं बोलनार."

तुमच्या हवालदाराने माझी तक्रार दहा मिनिटांत लिहिली. 'अज्ञात इसमाने कडी-कोयंडा तोडून.' माझं आडनाव त्याने फक्त लिहिण्यापुरतं विचारलं. चावी कोणाकडे होती, हे विचारलंच नाही.

मग चांगुणाबाईने मूठ उघडली आणि टेबलावर चावी ठेवली. हवालदाराच्या मागच्या फळीवर, धुळीत, चिठ्ठी बांधलेला सामंतांचा कोयंडा पडला होता. कुलूप अजून लागलेलं.

"ही त्या कुलपाची चावी," ती म्हणाली. "ते खाली घ्या. समद्यांदेखत उगडते. मग साहेबांनी सांगावं, म्या काय तोडलं."

"साहेब राउंडला गेलेत. उद्या ये, बाई."

"बसते."

मागच्या वेळी तिला फरशीवर बसवलं होतंत. या वेळी ती बाकावर बसली. बरोबर मध्यभागी, पदर सारखा करून, हात मांडीवर उताणे ठेवून. सूज उतरली होती, डाग राहिले होते. मी तिच्या शेजारी बसलो. ती सरकली नाही.

साहेब, कुलूप तुमच्याकडे आहे, चावी टेबलावर आहे, आणि बाई बाकावर बसली आहे. या, आणि उत्तर द्या.