डावा खुबा

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेला लावून धरली आणि मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं. मग ती उलटी करून पाहिली, जणू दुखणं मागच्या बाजूला छापलेलं असावं.

"कुठे म्हणालास?"

पाणक्याने डाव्या खुब्यावर बोट ठेवलं.

"इथे काही नाही. केसाएवढी चीरही नाही."

"पाय टेकवत नाही, बाई."

"ते दिसतंय मला." त्यांनी फिल्म पाकिटात सरकवली. "पण पडलं कोण? तू की तुझे दाजी?"

"दाजी."

"मग फिल्म कुणाची काढायला हवी होती? ते म्हणतात, काही दुखत नाही, वेळही नाही. मांडीची सालटी निघालीत, खुबा काळानिळा पडलाय आणि माणूस नऊ तास गाढ झोपतो. आणि तू, तुला साधं खरचटलेलंही नाही, तर तीन रात्री छत बघत पडलायस."

पाणक्या खुर्चीची पाठ धरून उभाच होता. बसलो तर उठताना काय होईल, हे त्याला माहीत होतं.

"आज शर्यतीतून उतर," बाई म्हणाल्या. "शेवटचा दिवस आहे, मान्य. पण असंच रेटलंस तर त्या पायाचं काय होईल ते मला सांगता येणार नाही. चित्रात काही असतं तर सांगितलं असतं."

*

पाणक्या हे त्याचं सायकल-संघातलं नाव, आणि कामही तेच. घोळक्याच्या मागे राहिलेल्या संघाच्या गाडीपर्यंत जायचं, आठ बाटल्या जर्सीत कोंबायच्या, पोटुशा बाईसारखं दिसत पुन्हा पुढे यायचं आणि त्या वाटायच्या. उरलेला वेळ दाजींच्या पुढे राहून वारा आपल्या अंगावर घ्यायचा. जिंकायचं दाजींनी. पाच वर्षं हेच चाललं होतं, आणि त्याबद्दल त्याने कधी तोंडातून ब्र काढला नव्हता.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. संघात त्यांना मुनी म्हणत, पाठीमागे आणि तोंडावरही. मुनींना डास चावत नाहीत, असं सायकली दुरुस्त करणारा मिस्त्री सांगायचा. डासांना त्यांच्यात काही सापडतच नाही. मुनी ओट्स तोलून खात. टूथब्रशची दांडी त्यांनी अर्धी कापली होती, सामानात तेवढंच वजन कमी. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. ताशी पंचेचाळीसच्या वेगात, वाऱ्यात, बाटली हातात घेताना ते दर वेळी म्हणत, "आभारी आहे, मेहुणे." दर वेळी. पाणक्याला कधीकधी वाटे, एकदा तरी यांनी शिवी द्यावी.

वय छत्तीस. ही शर्यत तीनदा दुसऱ्या क्रमांकावर सुटलेली. आज सकाळी ते अकरा सेकंदांनी पहिले होते.

*

भोजनगृहाच्या दारापाशी रोज सकाळी तक्ता टांगलेला असे. उठल्या उठल्या प्रत्येकाने आपापली ओळ भरायची.

मुनी — नाडी ३९. वजन ५८.२. झोप ९ तास. दुखणं, शून्य ते दहा: ०.

पाणक्या — नाडी ६१. वजन ६३. झोप: रेघ. दुखणं, शून्य ते दहा: ९.

"झकास," मिस्त्री तक्ता वाचत म्हणाला. "दोघांचं मिळून बरोब्बर एका माणसाचं होतंय."

कुणीतरी हसलं. पाणक्याही हसला. मग त्याने मागचे दोन दिवस पाहिले, आणि मग वहीत लावून ठेवलेले मागच्या महिन्याचे तक्ते. मुनी शून्य, पाणक्या चार. मुनी शून्य, पाणक्या सात. ज्या दिवशी मुनींची अक्कलदाढ काढली, त्या दिवशीही शून्य. त्या दिवशी आपण आठ का लिहिलं होतं, हे पाणक्याला आठवलं. गाल सुजला नव्हता, दात किडला नव्हता. लिंबूपाण्याचा घोट घेतला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं.

त्याने वही होती तशी ठेवली.

*

बाकी १४८ किलोमीटर

सुरुवातीच्या रेषेपाशी संघाची व्हॅन उभी होती. आत दोघंच. दाजी मोजे चढवत होते, शिवण बोटांवर बरोबर बसेपर्यंत.

"झोप नाही ना झाली?" दाजींनी विचारलं.

"नाही."

"मी लवकर झोपतो, ते बरं नाही दिसत. पण काय करू, डोळे मिटतातच."

पाणक्या समोरच्या बाकावर उजव्या अंगावर रेलून बसला होता. बराच वेळ त्याने दाजींच्या मांडीवरच्या पट्टीकडे पाहिलं. पट्टीखाली तळहाताएवढी कातडी नव्हती. दाजींनी त्यावरूनच शर्यतीची चड्डी सरळ केली, टेबलावरचं कापड सारखं करावं तशी.

"दाजी, तुम्हाला खरंच दुखत नाही?"

"दुखतं की. पण माझ्याकडे थांबत नाही."

"मग जातं कुठे?"

"जो आपला असेल त्याच्याकडे." दाजींनी दुसरा मोजा घेतला. "सुरुवातीला मी झाडांवर टाकायचो. चढावर एकेक झाड धरायचं आणि त्याला देऊन टाकायचं. झाडं नाही धरत. मग पुढच्या गड्यांच्या पाठीवर टाकून पाहिलं. परक्यांच्या अंगावरून घसरून परत येतं. घरचं माणूस मात्र धरतं."

पाणक्या हसण्याची वाट पाहत राहिला. दाजींना विनोद करता येत नव्हता, हे त्याला पाच वर्षांत कळायला हवं होतं.

"मला कधी विचारलं नाहीत."

"तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत," दाजी म्हणाले, आणि ते इतकं सौम्यपणे म्हणाले की पाणक्याला क्षणभर आपलंच चुकल्यासारखं वाटलं. "फार त्रास होतो का, मेहुणे?"

बाहेर कर्ण्यावर नावं पुकारायला सुरुवात झाली होती.

*

बाकी ९६ किलोमीटर

बाटल्या. आठ.

*

बाकी ३१ किलोमीटर

सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, समोर डोंगर. शेवटचा चढ चौदा किलोमीटरचा होता आणि तो इथूनच दिसत होता, डोंगराच्या अंगावर पांढरा दोरा ओढल्यासारखा. पाणक्या पुढे, दाजी त्याच्या चाकामागे वीतभर अंतरावर. प्रत्येक पेडलला डाव्या खुब्यातून तापली सळई फिरत होती. मागे दाजींचा श्वास: नाकाने आत, नाकाने बाहेर, देवळात बसल्यासारखा.

चढावर हे किती होईल, याचा त्याने अंदाज घेतला. नऊच्या पुढे तक्त्यावर एकच आकडा होता.

पाच वर्षांत त्याला स्वतःचे पाय कसे आहेत ते समजलं नव्हतं. सरावाच्या दिवसांत कधीतरी, दाजी घरी असताना, एखाद्या सकाळी सायकल अशी पळायची की त्याचं त्यालाच नवल वाटायचं. त्याला वाटायचं, हवा चांगली आहे.

तो बाजूला झाला. दाजी शेजारी आले. पाणक्याने शेवटची बाटली पुढे केली.

"आभारी आहे, मेहुणे."

"दाजी, मी उतरतोय."

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. काळजी होती, पण ती त्याच्याबद्दलची वाटत नव्हती. दूध गॅसवर ठेवून आल्याचं एखाद्याला वाटेत आठवावं, तशी.

"आज?" त्यांनी विचारलं.

घोळका पाणक्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. त्याने पेडलमधून पाय सोडवला, सायकल कडेला घेतली आणि उजवा पाय जमिनीवर टेकवला. मग भीत भीत डावा.

काही झालं नाही.

त्याने सगळं वजन डाव्या पायावर टाकलं. एका पायावर उभा राहिला. एक उडी मारली. कडेला उभी असलेली एक बाई त्याच्याकडे बघून हसली, आणि तो तिच्याकडे बघून खुळ्यासारखा हसला.

*

बाकी १७ किलोमीटर

"पाच दिवस फुकट पोसला तुला," वस्ताद म्हणाले. संघाची गाडी तेच चालवत, स्टिअरिंगवर एक हात आणि दुसऱ्यात रेडिओचा माइक. "शेवटच्या चढाच्या तोंडाशी उतरतोस. तुझ्या बहिणीला काय सांगू मी? तिनेच गळ घातली होती तुला घ्या म्हणून."

"तिने?"

"मग काय मी तुला शोधत आलो होतो? दोनदा घरी येऊन बसली होती. म्हणाली, ह्यांच्याबरोबर घरचं कुणीतरी हवंच."

मागच्या सीटवर मिस्त्री सुटी चाकं मांडीवर घेऊन बसला होता. पाणक्या पुढे, वस्तादांच्या शेजारी. त्याच्या छातीवरचा क्रमांक पंचांनी काढून घेतला होता आणि तिथे चार टाचण्यांची भोकं उरली होती. गाडीतल्या छोट्या पडद्यावर शर्यत दिसत होती.

तो दाजींच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याला लाज वाटत होती, पण तो त्याचीच वाट बघत होता: आता तोंड उघडेल, आता जबडा आवळला जाईल, आता यांना कळेल. चढ सुरू झाला. दोघं मागे पडले, मग आणखी तिघं. दाजींच्या शेजारी आता एकच गडी उरला होता, दुसऱ्या क्रमांकाचा, आणि त्याची जीभ बाहेर आली होती.

दाजींचं तोंड मिटलेलं होतं. कपाळावर आठी नाही.

पाणक्याने पडद्यावर बोट ठेवलं, मग काढलं. आपल्याकडे नाही. त्यांच्याकडे नाही.

"वस्ताद, माझा फोन कुठाय?"

*

बाकी ९ किलोमीटर

घंटी बराच वेळ वाजत राहिली. त्याने ठेवला, पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी ताईने उचलला. आधी नुसता श्वास ऐकू आला.

"सोडलीस ना रे?" ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आधी एक फोन करायचास फक्त. जिन्यात होते मी. पोरगी कडेवर होती."

"पडलीस?"

"बसले वेळेवर. पोरीला काही नाही झालं, घाबरलीय जरा. इथेच पायरीवर आहोत दोघी." ती थांबली. दात आवळून थांबली असावी. "डावीकडे आहे ना? हाडच गेलंय वाटतं ह्यांचं."



"ताई, तुला हे माहीत होतं?"

"लग्नाच्या वेळी नव्हतं माहीत. नंतर कळलं." ती थोडंसं हसली. "तू जायला लागलास त्यांच्याबरोबर, तेव्हा पाच वर्षांनी सलग झोपले मी. वाटायचं सांगावं तुला. मग वाटायचं, तू धट्टाकट्टा आहेस. तुला काय एवढं."

मागे भाची काहीतरी विचारत होती. आई, तू उठत का नाहीस, असं काहीतरी.

"किती राहिलंय अजून?" ताईने विचारलं.

"नऊ किलोमीटर."

"चढ?"

"चढच आहे सगळा."

"बरं," ती म्हणाली, एखाद्याने पावसात थांबायचं ठरवावं तशी. मग आवाज उतरवून: "मी धरीन रे. मला सवय आहे. पण आता माझी शुद्ध जाते की काय असं वाटतंय, आणि मग हे पोरीकडे..."

तिने वाक्य पुरं केलं नाही.

"फोन ठेवू नकोस," पाणक्या म्हणाला. त्याने फोन मांडीवर ठेवला आणि वस्तादांच्या हातातला माइक घेतला. वस्ताद काही म्हणायच्या आत त्याने बटण दाबलं होतं.

"दाजी."

खरखर. वारा. मग तोच शांत आवाज, चढ चढणाऱ्या माणसाचा वाटूच नये असा. "कोण, मेहुणे?"

"मी मागेच आहे. गाडीत."

"किती मागे?"

पाणक्याने काचेतून पाहिलं. वळणावर, उन्हात, ती दोन माणसं दिसत होती. "दोनशे मीटर."

पडद्यावर दाजींनी मान किंचित मागे वळवली.

"चालेल," दाजी म्हणाले. "आभारी आहे."

ते आलं तेव्हा पाणक्याने दाराची मूठ धरली. पहिल्यांदा त्याला वाटलं, गाडी कशावर तरी आदळली. मग कळलं की गाडी नीट चालली आहे. त्याचे दोन्ही पाय गाडीच्या तळावर ताठ झाले होते आणि समोरचा रस्ता पांढरा होऊन परत काळा झाला. मांडीवरच्या फोनमधून जिन्याच्या पायऱ्यांवर पावलं वाजत होती, एकेक करत, वर जाणारी. भाची आणखी काही विचारत होती, आणि ताई चालता चालता तिला उत्तर देत होती.

पडद्यावर दुसऱ्या क्रमांकाचा गडी एक चाक मागे पडला.

"अरे, काय झालं तुला?" वस्ताद म्हणाले. "पांढराफटक पडलास. उलटी येतेय का? थांबवू गाडी?"

"नको." त्याने माइक वस्तादांच्या हातात परत दिला. "मागे पडू नका. आणि त्यांना म्हणावं, आता जोर लावा."