आधी पायरी, मग प्रश्न

मॅडमनी उजवा पाय पायरीच्या काठापर्यंत नेला आणि तिसऱ्यांदा परत खाली ठेवला. व्यायामाच्या खोलीतल्या त्या चार लाकडी पायऱ्या कुठेच जात नव्हत्या, तरी मॅडमच्याने त्या चढवत नव्हत्या.

"दुखेल," त्या म्हणाल्या.

"दुखलं की थांबू," फिजिओ म्हणाली.

"दुखणार हे दिसतंय, मग चढायचं कशाला?"

गुडघ्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. जीभ पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती, पाय तेवढा ऐकत नव्हता. मॅडम एकवीस वर्षं कॉलेजात सी ही संगणकाची भाषा शिकवत होत्या. वर्ग वरच्या मजल्यावर, बावीस पायऱ्या. सोमवारी पहिल्या वर्षाचे लूप, म्हणजे संगणकाकडून तेच काम पुन्हा पुन्हा करून घेण्याचा धडा, सुरू होणार होते. वर येणं जमलं नाही तर विषय दुसऱ्याला देऊ, तुम्ही ग्रंथालय सांभाळा, असं प्राचार्यांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं. ते मॅडमच्या जिव्हारी लागलं होतं.

फिजिओ खालच्या पायरीवर बसली. ही एके काळी त्यांच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. त्यांच्याच विषयात नापास होऊन कॉलेज सोडून गेली होती. दोघींनी एकमेकींना पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, पण विषय कुणीच काढला नव्हता.

"मॅडम, व्हाइल लूप अट कधी तपासतो?"

"आधी." उत्तर आपसूक आलं. "अट खरी असेल तरच आत शिरतो."

"आणि पहिल्यालाच खोटी निघाली तर?"

"तर एकदाही चालत नाही."

फिजिओनं नुसतं त्यांच्या पायाकडे पाहिलं.

मॅडमना हसू आवरेना. गुरूची विद्या गुरूलाच. "म्हणजे तुला डू-व्हाइल हवाय."

"हो. आधी एक पायरी चढायची, मग विचारायचं, पुढे जायचं का."

"परीक्षेत हे लिहिलं असतंस तर पास झाली असतीस."

"लिहिलं होतं. शेवटचा अर्धविराम राहिला. तुम्ही पाचपैकी शून्य दिलंत. मी दोन मार्कांनी गेले."

ती सहज बोलली, उठून बाजूला झाली आणि हात पुढे केला. त्या चुकीला शून्य देताना मॅडमचा हात आजवर कधी अडखळला नव्हता.

त्यांनी हात न घेता कठडा धरला. पाय पायरीवर ठेवून त्यावर भार दिला. कळ मांडीपर्यंत गेली.

"दुखलं?"

"दुखलं."

"पुढे?"

मॅडमचा दुसरा पाय तोवर वर आला होता. चारही पायऱ्या चढून त्या थांबल्या. कपाळ घामानं डबडबलं होतं.

"शून्य द्यायला नको होतं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

फिजिओ मान खाली घालून त्यांच्या गुडघ्याकडे बघत राहिली.

"अर्धा मार्क मात्र कापलाच असता," मॅडम म्हणाल्या.

"कापायलाच हवा होता. आता उतरा. अजून पाच फेऱ्या."